बंदुकीकडून दुर्बिणीकडे

दख्खनच्या पक्ष्यांची पहिली विस्तृत शास्त्रीय यादी ज्या गृहस्थांनी तयार केली, त्यांचे मुख्य साधन बंदूक हे होते. कर्नल विल्यम हेन्री साइक्स हे ईस्ट इंडिया कंपनीच्या लष्करातील अधिकारी. १८२४ मध्ये गव्हर्नर एल्फिन्स्टनसाहेबांनी त्यांना मुंबई सरकारतर्फे दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करण्याच्या कामावर नेमले. गावे, पिके, माणसे आणि पाऊस मोजता मोजता त्यांनी या मुलखातील पशू, पक्षी आणि मासेही मोजले. विलायतेस परतल्यावर १८३२ मध्ये लंडनच्या प्राणिशास्त्रीय संस्थेपुढे त्यांनी दख्खनच्या पक्ष्यांची यादी ठेवली. पवनेच्या किंवा इंद्रायणीच्या काठी चिखलात मान आखडून बसणारी आणि उडताच पांढरीशुभ्र दिसणारी ढोकरी आज प्रत्येक मुलाच्या ओळखीची आहे. तिला शास्त्रीय नाव मिळाले ते साइक्ससाहेबांच्या त्या यादीत. बागेतल्या झुडपात शेपटी उभारून बडबडणारा राखी वटवट्या व उघड्या माळावर राहणारा एक तुरेवाला चंडोल यांचीही पहिली शास्त्रीय वर्णने तेथेच सापडतात. हा चंडोल आजही साइक्ससाहेबांच्याच नावाने ओळखला जातो.

या यादीत मारलेल्या पक्ष्यांच्या पोटात काय सापडले, याच्या नोंदी आहेत. कोणास टोळ सापडले, कोणास बी-दाणा, कोणास भुंगेरे. आजच्या वाचकास हे वाचताना किंचित कसेसे होईल. परंतु त्या काळी दुसरा मार्गच नव्हता, हे ध्यानात घेतले पाहिजे. पक्षी आकाराने लहान, चपळ आणि सावध. चित्रांसह ओळख पटवून देणारी पुस्तके जवळजवळ नव्हतीच. आणि दूरची वस्तू जवळ आणून दाखविणारे जे यंत्र होते ते या कामास पुरे पडत नव्हते. पक्षी हातात आल्याखेरीज ओळखू येत नाही, हा त्या पिढीचा सिद्धान्तच होता, आणि जिवंत पक्षी हातात येत नसल्यामुळे तो मेलेलाच यावा लागे.

या पद्धतीचा कळस म्हणजे ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम. राष्ट्रसभेचे जनक म्हणून ज्यांचे नाव आपण इतिहासात वाचतो, तेच हे ह्यूमसाहेब. सिमल्यास त्यांच्या बंगल्यात हिंदुस्थानातील पक्ष्यांच्या कातड्यांचा आणि अंड्यांचा जगात अपूर्व असा संग्रह होता. १८८५ मध्ये त्यांनी तो ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला. त्यातील नमुन्यांची संख्या ऐंशी हजारांच्या घरात होती. त्याच वर्षीच्या डिसेंबरात राष्ट्रसभेचे पहिले अधिवेशन पुण्यास भरावयाचे होते, पण पटकीच्या साथीमुळे ते मुंबईस हलवावे लागले. ह्यूमसाहेबांनी संग्रह सोडण्यामागे एक दुःखद कारण होते. पंचवीस वर्षे जमविलेली त्यांची पक्षिविषयक हस्तलिखिते घरच्या नोकराने बाजारात रद्दीच्या भावाने विकून टाकली. त्या धक्क्यातून त्यांचे मन त्या विषयात पुन्हा रमले नाही. थिऑसफीच्या प्रभावाने ते शाकाहारी झाले व नमुन्यासाठी पक्षी मारणेही त्यांनी सोडले. ज्याने बंदुकीने सर्वांत मोठा संग्रह केला, त्यानेच अखेर बंदूक खाली ठेवली. परंतु तिच्या जागी हातात घ्यावयाचे साधन अद्याप तयार झालेले नव्हते.

त्या साधनाची कथा हॉलंडमध्ये सुरू होते. १६०८ च्या ऑक्टोबरात मिडलबर्ग गावच्या हान्स लिपरशे नावाच्या चष्मेवाल्याने दूरची वस्तू जवळ दाखविणाऱ्या नळीचा हक्क आपणास मिळावा, असा अर्ज डच सरकारकडे केला. सरकारने नळी पाहिली आणि ती पसंत केली. मात्र एक डोळा मिटून पाहणे गैरसोयीचे असल्यामुळे दोन्ही डोळ्यांनी पाहता येईल असे यंत्र करून दे, अशी अट घातली. लिपरशेने तेही करून दिले. हक्क त्यास मिळाला नाही, कारण तीच युक्ती आपणासही साधली असल्याचे सांगणारे इतर लोक पुढे आले. तरीसुद्धा एवढे खरे की, दुर्बिणीचा जन्म आणि दोन डोळ्यांच्या दुर्बिणीची मागणी या दोन्ही गोष्टी एकाच वेळच्या आहेत. पुढच्याच वर्षी गॅलिलिओने ती नळी आकाशाकडे वळविली. हिंदुस्थानात १६५१ मध्ये सुरतेस जेरेमाया शेकर्ली या इंग्रजाने सूर्यबिंबावरून जाणारा बुध दुर्बिणीतून पाहिला. फारसीतील ‘दूर’ आणि ‘बीन’, म्हणजे दूरचे पाहणारी, असा शब्दही आपल्या भाषेत रुळला.

दूरवर नजर ठेवण्याची गरज या मुलखास मात्र परकी नव्हती. चाकणचा संग्रामदुर्ग हा भुईकोट किल्ला. १६६० मध्ये शायिस्ताखानाच्या प्रचंड फौजेने त्यास वेढा घातला, तेव्हा फिरंगोजी नरसाळ्यांनी मूठभर लोकांनिशी तो सुमारे दोन महिने लढविला. युरोपात दुर्बीण निघून त्या वेळी अर्धे शतक लोटले होते. तिकडेही आकाशाखालोखाल तिचा उपयोग समुद्रावर व रणांगणावरच झाला. शत्रूचे जहाज कोणते आणि तोफा किती, हे पाहण्यासाठी माणसाने दुर्बीण सुधारली. झाडावरचा पक्षी पाहण्यासाठी ती सुधारण्याचे कोणाच्या मनात येण्यास आणखी दोन शतके जावी लागली.

मध्यंतरी अडचण होती ती प्रकाशशास्त्राची. गॅलिलिओच्या पद्धतीची दुर्बीण आखूड आणि हलकी असे, पण तिच्यातून दिसणारा भाग अगदी चिंचोळा. नाटकगृहात श्रीमंत प्रेक्षक डोळ्यांस लावीत त्या दुर्बिणी याच जातीच्या. वस्तू तीन-चार पट मोठी दिसली की त्यांचे सामर्थ्य संपे. केप्लरने १६११ मध्ये सुचविलेल्या रचनेत दृष्टिक्षेत्र मोठे मिळे, परंतु चित्र उलटे दिसे व नळी लांबलचक होई. १८५४ मध्ये इग्नाझिओ पोरो या इटालियन लष्करी अभियंत्याने काचेच्या लोलकांची जोडी मध्ये बसवून दोन्ही दोष एकदम घालविले. लोलकांत प्रकाश मागे-पुढे वळतो, त्यामुळे लांब नळी आखूड होते आणि उलटे चित्र सुलटे होते. कल्पना निर्दोष होती. परंतु तितकी स्वच्छ, बुडबुड्यावाचूनची काच त्या काळी कोणास ओतता येत नव्हती.

ती काच जर्मनीत येना या गावी तयार झाली. कार्ल झाइस यांचा कारखाना, एर्न्स्ट आबे यांचे गणित आणि ओटो शॉट यांची १८८४ मध्ये स्थापन झालेली काचेची भट्टी, अशा तीन गोष्टी तेथे एकत्र आल्या. १८९४ मध्ये झाइसच्या कारखान्यातून लोलकांच्या दुर्बिणी विक्रीस बाहेर पडल्या. पुढची भिंगे डोळ्यांच्या अंतरापेक्षा अधिक दूर ठेवल्यामुळे या दुर्बिणीतून खोली चांगली जाणवे. फांदी पुढे, पक्षी मागे, त्यामागे पाने, असे थर निरनिराळे दिसत.

या आबेसाहेबांची आणखी एक गोष्ट कारखान्यांच्या गावात राहणाऱ्या माणसांनी अवश्य लक्षात ठेवावी. ते स्वतः सूतगिरणीतील मजुराचे पुत्र. झाइस यांच्या मृत्यूनंतर त्यांनी कारखान्याची मालकी एका न्यासाकडे सोपविली. कामगारांस पगारी रजा, निवृत्तिवेतन आणि नफ्यातील वाटा दिला. व १९०० मध्ये आठ तासांचा दिवस सुरू केला. पक्षी पाहण्यास दुर्बीण लागते, तशीच रिकामी सकाळही लागते. येनाच्या त्या कारखान्याने या दोन्ही वस्तू निर्माण केल्या, असे म्हणण्यास हरकत नाही. आपल्याकडे १९४८ च्या कारखाने कायद्याने प्रौढ कामगारांस आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली, तिचेही महत्त्व याच दृष्टीने पाहण्यासारखे आहे.

पुढील सुधारणा थोडक्यात अशा. १९०५ च्या सुमारास दुसऱ्या प्रकारच्या लोलकांमुळे सरळ नळ्यांची, सडपातळ दुर्बीण शक्य झाली. १९३५ मध्ये झाइसच्या कारखान्यातील अलेक्झांडर स्माकुला यांनी भिंगांवर अतिसूक्ष्म लेप देण्याची युक्ती काढली. तिचे मोल कळण्यास साधा हिशेब पुरे. कोऱ्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून शेकडा चार ते पाच भाग प्रकाश परत फिरतो. दुर्बिणीत असे दहा पृष्ठभाग असले तर सुमारे एक तृतीयांश प्रकाश वाटेतच नाहीसा होतो, आणि तो आतल्या आत भरकटून चित्रही धुरकट करतो. लेपामुळे हा तोटा पुष्कळच कमी झाला. सरळ नळीच्या लोलकांत चित्र किंचित अस्पष्ट होण्याचा जो दोष होता, त्यावरही १९८८ मध्ये एका विशेष लेपाचा उपाय सापडला. आजच्या उत्तम दुर्बिणीतून शेकडा नव्वदच्या आसपास प्रकाश डोळ्यापर्यंत पोचतो.

साधन सुधारले तशी माणसाची वृत्तीही पालटत गेली. अमेरिकेत फ्लॉरेन्स मेरिअम या तरुण विदुषीने १८८९ मध्ये नाटकी दुर्बिणीतून पक्षी कसे पाहावेत, यावर पुस्तक लिहिले. बायकांच्या टोप्यांवर खोचण्यासाठी पिसे हवीत म्हणून लक्षावधी पक्षी मारले जात होते, तो हा काळ. १९०० च्या नाताळात फ्रँक चॅपमन यांनी सणाच्या शिकारीऐवजी पक्ष्यांची मोजणी करण्याची प्रथा घातली. १९०१ मध्ये इंग्लंडात एडमंड सेलस यांचे पक्षिनिरीक्षणावरील पुस्तक निघाले. दोन महायुद्धांनी दुर्बिणींचा खप अमाप वाढविला. १९१४ मध्ये तर ब्रिटनमध्ये सैन्यासाठी नागरिकांकडे घरच्या दुर्बिणी मागाव्या लागल्या. युद्धे संपल्यावर लष्करातून निघालेल्या दुर्बिणी सामान्य माणसाच्या हाती आल्या, आणि शत्रू टेहळणारे ते डोळे तळ्याकाठच्या बदकांकडे वळले.

आपल्या देशात हा पालट एकाच आयुष्यात पाहावयास मिळतो. १९०८ मध्ये मुंबईच्या सालीम अली या मुलाने छर्‍याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग दिसल्यामुळे तो ती घेऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला. तेथील मिलर्डसाहेबांनी त्यास पक्ष्यांचा संग्रह उघडून दाखविला, आणि मुलाचे आयुष्य ठरले. पुढे १९३० मध्ये अलिबागजवळ किहीम येथे त्यांनी सुगरण पक्ष्याचा जो अभ्यास केला, तो बंदुकीने होणारच नव्हता. घरट्यांच्या वसाहतीसमोर ते आडोशाला दिवसचे दिवस बसून राहिले. नर घरटे अर्धे विणतो, मादी येऊन ते तपासते, पसंत पडले तर ताबा घेते, आणि मग तोच नर दुसरे घरटे विणून दुसऱ्या मादीची वाट पाहतो, हा सगळा संसार त्यांनी जिवंतपणी पाहिला. मेलेल्या सुगरणीच्या पोटात धान्य सापडले असते. तिची पसंती-नापसंती सापडली नसती. १९४१ मध्ये त्यांचे भारतीय पक्ष्यांवरील सचित्र पुस्तक निघाले आणि शहरातील सुशिक्षित घरांत पक्ष्यांची ओळख पुस्तक व दुर्बीण या जोडीने होऊ लागली. मराठीत हे कार्य मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांनी पुढे नेले. वनाधिकारी म्हणून रानोमाळ हिंडताना त्यांनी पक्ष्यांची लोकांच्या तोंडची नावे जमविली आणि पक्षिकोश सिद्ध केला. ५ नोव्हेंबर हा त्यांचा व १२ नोव्हेंबर हा डॉ. सालीम अलींचा जन्मदिवस. या दोन तिथींमधील सप्ताह महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो.

आता उत्तम दुर्बीण निवडावी कशी? दुर्बिणीवर दोन आकडे कोरलेले असतात, उदाहरणार्थ ८ × ४२. पहिला आकडा वस्तू किती पट जवळ दिसेल हे सांगतो. ८० मीटरवरचा पक्षी १० मीटरवर असल्यासारखा भासतो. दुसरा आकडा पुढच्या भिंगाचा मिलिमीटरमधील व्यास. दुसऱ्यास पहिल्याने भागले म्हणजे डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशाच्या झोताची रुंदी निघते, येथे सव्वापाच मिलिमीटर. अंधुक उजेडात तरुणाची बाहुली सात मिलिमीटरपर्यंत उघडते, वयस्काची पाचच्या आसपास. म्हणून पहाटेच्या पक्षिनिरीक्षणास ८ × ४२ हे माप सर्वांस मानवते. पहिला आकडा जितका मोठा तितकी दुर्बीण चांगली, हा सार्वत्रिक गैरसमज आहे. दहा पटीच्या दुर्बिणीत हाताचा कंपही दहा पट होतो, आणि सामान्यतः दृष्टिक्षेत्र आकुंचित होऊन चपळ पक्षी सापडेनासा होतो. पाणथळीवर दूरची बदके पाहावयाची असतील तर दहा पट चालेल. झाडी व माळ यांस आठ पट बरी. बाजारात तीस पट, साठ पट असे आकडे मिरविणाऱ्या स्वस्त दुर्बिणी मिळतात. त्यांच्या वाटेस जाऊ नये.

दुकानात परीक्षा पुढीलप्रमाणे करावी. दुर्बीण हातभर दूर धरून उजेडाकडे पाहावे. डोळ्याकडच्या भिंगांत प्रकाशाची दोन वर्तुळे दिसतात, ती वाटोळी व स्वच्छ असावीत, कडा चौकोनी कापल्यासारख्या नसाव्यात. पुढच्या भिंगात दिव्याचे प्रतिबिंब पाहावे. ते मंद हिरवट वा जांभळे असेल तर लेप आहे, पांढरे झगझगीत असेल तर नाही. मग उजळ आभाळापुढील विजेची तार पाहावी. तारेच्या कडेस जांभळी किनार जितकी कमी तितके भिंग सरस. पाच मिनिटे पाहून डोळे ओढल्यासारखे वाटले तर दोन नळ्या एकमेकींशी जुळलेल्या नाहीत, असे समजावे. चष्मा वापरणाऱ्याने चष्म्यासह पाहावे. डोळा भिंगापासून १५-१६ मिलिमीटर दूर असतानाही पूर्ण वर्तुळ दिसले पाहिजे. सह्याद्रीच्या पावसाळ्याचा विचार करता, आत नत्रवायू भरून हवाबंद केलेली दुर्बीणच घ्यावी. एरवी दोन-तीन पावसाळ्यांत भिंगावर बुरशीची जाळी धरते. वजन गळ्यास सोसेल इतके, म्हणजे पाऊण किलोच्या आसपास असावे. उत्तम दुर्बीण महाग असते, हे खरे. पण नीट राखली तर ती एका पिढीकडून दुसरीकडे जाते. दरवर्षी एक स्वस्त घेऊन टाकण्यापेक्षा दोन वर्षे थांबून एक चांगली घेणे शहाणपणाचे.

घरी आणल्यावर प्रथम नळ्यांतील अंतर आपल्या डोळ्यांस जुळवावे. उजवे भिंग झाकून मधल्या चाकाने डाव्या डोळ्यास चित्र स्पष्ट करावे. नंतर डावे झाकून उजव्या बाजूच्या कड्याने उजव्यास जुळवावे. हे एकदाच करावयाचे; पुढे मधले चाक तेवढे फिरवावे. पक्षी दिसला की नजर त्याजवरून न हलविता दुर्बीण डोळ्यांपुढे आणावी. सूर्याकडे दुर्बीण कधीही रोखू नये. नजर कायमची जाते. धूळ प्रथम फुंकणीने उडवावी, मगच मऊ कापड लावावे. धुळीसकट पुसल्यास लेपावर चरे पडतात. या शेवटच्या सूचनेचे महत्त्व चाकण परिसरातील रस्त्यांवरून जाणाऱ्यास निराळे सांगावयास नको.

कारण हा मुलूख साइक्ससाहेबांस ओळखूही येणार नाही. १९५४ मध्ये पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ आले, मागोमाग मोटारींचे मोठे कारखाने आले, १९८२ मध्ये महानगरपालिका झाली, आणि २००९ च्या सुमारास चाकणच्या माळावर जर्मन मोटारी तयार होऊ लागल्या. लक्षावधी कुटुंबांस या माळाने अन्न दिले. ज्यास सरकारी कागदांत पडीक म्हणतात तो माळ मात्र पक्ष्यांच्या दृष्टीने कधीच पडीक नव्हता. चंडोल, माळटिटवी, धाविक हे पक्षी जमिनीवर उघड्यावर अंडी घालतात. हिवाळ्यात भोवत्यासारखे शिकारी पक्षी दूर उत्तरेकडून याच गवतावर उतरतात. माळ सपाट झाला की त्यांस पर्यायी झाड शोधता येत नाही. पवना व इंद्रायणी यांच्या पाण्यात शहराचे सांडपाणी मिसळते. जे पक्षी घाण पाणी सोसतात ते वाढतात, आणि नितळ पाण्यावर मासा हेरणारे नदीसुरय कमी होत जातात.

हे घडत आहे, हे कळते कशाने? दुर्बिणीने आणि वहीने. २०२३ मध्ये भारतातील पक्ष्यांच्या स्थितीचा जो अहवाल निघाला, तो सुमारे ३०,००० हौशी निरीक्षकांनी केलेल्या ३ कोटींहून अधिक नोंदींवर आधारलेला आहे, आणि त्यात ९४२ जातींचा विचार केलेला आहे. माळरानाच्या पक्ष्यांची घट त्यात स्पष्ट दिसते. दसऱ्यास ज्याचे दर्शन शुभ मानावे, तो चाष, म्हणजे नीलपंख, हाही उतरणीस लागलेल्यांत आहे. ह्यूमसाहेबांचा संग्रह एका धनिकाच्या बंगल्यात होता व त्यांच्या नोंदी एका नोकराच्या हातून रद्दीत गेल्या. ३०,००० लोकांच्या नोंदी तशा नाहीशा होत नाहीत. त्यांत कारखान्यातील कारागिराची रविवारची नोंद व प्राध्यापकाची नोंद एकाच मोलाची असते. तारीख, स्थळ, पक्ष्याचे नाव आणि संख्या एवढेच तिला लागते.

देहूजवळचा भंडारा आणि चाकणजवळचा भामचंद्र हे डोंगर तुकोबारायांच्या एकान्तचिंतनाची स्थाने म्हणून महाराष्ट्रास पूज्य आहेत. त्यांच्या पायथ्याशी आज कारखान्यांची छपरे दिसतात, तरी पहाटे तेथे अजून चंडोल गातो. रात्रपाळी संपवून घरी जाणारा माणूस वाटेत पाऊण तास थांबला, तर उंच आभाळात स्थिर राहून गाणारा तो ठिपका त्यास नुसत्या डोळ्यांनीही दिसेल. दुर्बिणीतून मात्र त्या ठिपक्यास तुरा आहे, छाती तांबूस आहे आणि गाताना गळा थरथरतो आहे, हे दिसते. साइक्ससाहेबांनी १८३२ मध्ये नाव दिलेला हाच तो पक्षी असेल, तर त्याने तशी नोंद करावी, आणि पुढच्या वर्षी त्याच महिन्यात त्याच जागी पुन्हा पाहावे. चंडोल तेथे आहे की नाही, या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी आता पक्ष्याचा जीव घ्यावा लागत नाही. परंतु कोणीतरी जाऊन पाहावे मात्र लागते.